फळबागेत मित्रकीटकांसाठी फुलपट्टा: जमीन तयार करण्यापासून कापणीपर्यंत

जून उजाडला की बांधावर मूठभर बी फेकायचं आणि बाकीचं पावसावर सोडायचं. ऑगस्टमध्ये तिथे गाजरगवत आणि हरळी माजली की ‘आपल्याकडे हे जमत नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. मित्रकीटकांना, म्हणजे किडींना खाणाऱ्या कीटकांना, मध-पराग मिळावा म्हणून पेरलेले फुलपट्टे असेच बिघडतात, आणि दोष बियाण्याला दिला जातो. खरं तर पट्ट्याचं निम्म्याहून अधिक काम पेरणीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये असतं. उरलेलं बरंचसं यश पट्टा कधी फुलतो यावर ठरतं. बागेत मावा-फुलकिडे वाढायला लागण्याच्या आधी तो फुलला पाहिजे. नंतर फुलला तर शोभेपलीकडे त्याचा उपयोग नाही.

खालचा क्रम पुणे जिल्ह्यातल्या डाळिंब, पेरू, सीताफळ, अंजीर आणि आंब्याच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. क्रम बदलू नका.

१. आपल्या बागेला नेमकं काय हवंय ते ठरवा

सगळ्या फळझाडांना मधमाशी लागते असं नाही. पुरंदरचं ‘पुना’ अंजीर परागीभवनाशिवाय फळ धरतं. सीताफळाचं परागीभवन फुलाच्या पाकळ्यांत शिरणारे बारीक भुंगेरे करतात, मधमाशीचा तिथे फारसा संबंध नाही. म्हणून या दोन बागांत पट्टा लावायचा तो फक्त किडींच्या शत्रूंसाठी, मुख्यतः पिठ्या ढेकूण, मावा आणि खवले किडींवर जगणाऱ्या कीटकांसाठी. डाळिंब आणि पेरूला मधमाश्या आणि मित्रकीटक दोन्ही हवेत. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांइतकंच काम निरनिराळ्या माश्या करतात, त्यामुळे तिथे उघडी, उथळ फुलं जास्त कामाची.

हा फरक बियाणं निवडताना लागतो. क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक) आणि सिरफिड माशी (फुलांवर घिरट्या घालणारी माशी) यांच्या अळ्या मावा खातात, पण प्रौढांना मध आणि पराग लागतात. किडींच्या अंड्यांत किंवा अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या तर काही मिलिमीटरच्याच असतात, त्यांचं तोंड खोल फुलात पोचत नाही. त्यांना कोथिंबीर, शेपू, बडीशेपेसारखी छत्रीची बारीक फुलं हवीत. लांब नळीची, मोठ्या पाकळ्यांची फुलं त्यांच्या उपयोगाची नाहीत.

पट्टा काय करत नाही, तेही आधीच समजून घ्या. डाळिंबावरचा तेल्या जिवाणूजन्य रोग आहे, त्याच्याशी फुलांचा काही संबंध नाही. पेरू-आंब्याची फळमाशीही पट्ट्याने आटोक्यात येत नाही. तिथे कामगंध सापळे (गंधाने नर माश्या ओढणारे) आणि पडलेली फळं गोळा करून पुरणं हेच करावं लागतं.

२. जागा, माप आणि पाण्याची वेगळी सोय

एकरी दोन गुंठे पुरे. म्हणजे साधारण ६० मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असे दोन पट्टे. एक बांधालगत आणि दुसरा बागेच्या मध्यावरच्या गल्लीत काढा. बारीक गांधीलमाश्या फार लांब जात नाहीत. बागेतलं कुठलंही झाड पट्ट्यापासून ३०-४० मीटरच्या आत असावं, असा हिशेब धरा. मधल्या गल्लीतून ट्रॅक्टर जाणार नाही, हे आधीच मान्य करा. ते जमत नसेल तर समोरासमोरच्या दोन बांधांवर पट्टे घ्या. खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, नाहीतर उंदरांना आडोसा मिळतो आणि खोडकिडीची छिद्रं दिसत नाहीत.

आता पाण्याकडे या, कारण डाळिंबाच्या बागेत सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी, बाग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ताणावर असते, म्हणजे तिचं पाणी मुद्दाम तोडलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच पट्ट्याला पाणी हवं असतं. पट्टा बागेच्याच लॅटरलवर (ठिबकच्या नळीवर) असेल तर एकतर ताण मोडतो किंवा पट्टा वाळतो. पट्ट्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह घ्या. मधल्या गल्लीतल्या पट्ट्याचं पाणी झाडांच्या मुळांपर्यंत जातंच, म्हणून भारी जमिनीत ताणाच्या बागेत मधला पट्टा कोरडाच ठेवा आणि बांधावरचा तेवढा भिजवा.

तपासणी: पट्ट्याचा व्हॉल्व्ह बंद करून बागेला पाणी सोडा. पट्ट्यात ओल आली तर जोडणी चुकली आहे.

३. तणाचं बी आधी संपवा

हा टप्पा सगळे गाळतात. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीत तणाचं अमाप बी पडलेलं असतं आणि ते आपल्या फुलझाडांपेक्षा आधी उगवतं. ते संपवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग उन्हाचा. एप्रिलच्या मध्यावर पट्ट्याची जागा उथळ नांगरून ढेकळं फोडा, जमीन सपाट करा आणि चांगली भिजवा. त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ताणून अंथरा. कडा चारही बाजूंनी मातीत गाडा. चार ते सहा आठवडे तसाच ठेवा. काळा कागद नको, त्याखालची माती तितकी तापत नाही. कागद ढिला राहिला तर त्याखाली हवेचा थर राहतो आणि उष्णता खाली जात नाही. फाटलेल्या जागी लगेच चिकटपट्टी लावा.

दुसरा मार्ग पाण्याचा. जमीन तयार करून भिजवा, तण उगवू द्या, दोन पानांवर आलं की ऊन असताना खुरप्याने किंवा हातकोळप्याने फक्त वरवर खरवडा. पुन्हा भिजवा, पुन्हा खरवडा. निदान दोन फेऱ्या व्हायला हव्यात, तिसरी झाली तर उत्तम.

इशारा: यानंतर जमीन खोल हलवू नका. एकदा कुदळ मारली की खालचं जिवंत बी वर येतं आणि महिन्याचं काम वाया जातं.

हरळी आणि लव्हाळा यांचा बंदोबस्त या दोन्ही मार्गांनी होत नाही. त्यांच्या काश्या-गाठी खोल असतात. त्या खणून वेचाव्या लागतात, आणि लव्हाळा दाट असेल तर सरळ दुसरी जागा निवडा. शेणखत आणि रासायनिक खत दोन्ही टाळा. सकस जमिनीत गवत फुलझाडांना दाबून टाकतं. मुरमाड, हलका बांध पट्ट्यासाठी काळ्या जमिनीपेक्षा बरा.

४. काय पेरायचं, काय पेरायचं नाही

बाजारात मिळणारी परदेशी ‘रानफुलांची’ आकर्षक पाकिटं नकोत. त्यात कॉसमॉस हमखास असतो, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो कसा पसरला आहे ते दिसतंच. चांगल्या मिश्रणाचं निम्मं सामान किराणा दुकानात मिळतं.

रब्बीसाठी एका गुंठ्याला धणे ५० ग्रॅम, बडीशेप २० ग्रॅम, शेपू १५ ग्रॅम, मोहरी १० ग्रॅम. खरिपासाठी चवळी ६० ग्रॅम, कारळा २० ग्रॅम, तीळ १० ग्रॅम, सब्जा ५ ग्रॅम. हे प्रमाण पिकाच्या पेऱ्यापेक्षा मुद्दाम कमी आहे. दाट पट्ट्यात झाडं उंच आणि किरकोळ होतात, फुलं कमी देतात. चवळीचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्या फुलांच्या दांड्यावर फुलाबाहेरही गोड द्रव पाझरतो, आणि तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे (मावा खाणारे ठिपक्यांचे गोल भुंगेरे) लवकर जमतात. हा मावा पाहून घाबरून फवारू नका.

डाळिंबाच्या मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमीच्या) गाठी असतील तर मात्र चवळी वगळा, तिच्या मुळांवरही तो वाढतो. तिच्या जागी ताग घ्या आणि कडेला झेंडू लावा.

बांधावर कायमच्या झाडांपैकी तरवड, शेवगा, निरगुडी आणि तुळस यांना जागा द्या. उन्हाळ्यात बाकी सगळं वाळलेलं असताना यांचाच आधार असतो. एकदांडी बांधावर आपोआप येते. ती खुरपू नका, वर्षभर काही ना काही फुलं देत राहते.

रानातलं बी आपल्याच शिवारातून गोळा करा. तुंब्याची वाळलेली बोंडं कागदावर झटकली की बी पडतं. तेरड्याचं तसं नाही. त्याचं बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बी उडून जातं. म्हणून बोंडं हिरवी-फुगीर असतानाच फांदीला मलमलीची छोटी पिशवी बांधा आणि आठवड्याने काढा. मात्र तेरड्याचं फूल खोल नळीचं आहे. तो मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी ठीक, मुख्य मिश्रणात त्याला जास्त वाटा देऊ नका. गडांवरून किंवा सड्यांवरून सोनकीसारखं बी आणू नका, ते बरंचसं राखीव रान आहे आणि तिथली झाडं बागेच्या जमिनीत टिकतही नाहीत.

पट्ट्यात आणि बांधावर काय ठेवायचं नाही, हे तितकंच महत्त्वाचं आहे. गाजरगवत, पेठारी, अंबाडी आणि भेंडी यांच्यावर पिठ्या ढेकूण वाढतो. घाणेरी पसरते आणि मग निघत नाही. डाळिंबाच्या बांधावरची गुळवेल आणि वासनवेल काढून टाका, कारण फळांतला रस शोषणाऱ्या मोठ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. गुळवेल औषधी आहे म्हणून मुद्दाम लावणारे बरेच आहेत. तिला घराजवळ जागा द्या, डाळिंबाजवळ नको.

इशारा: गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचा थर असलेलं बी वापरू नका. कंपनीच्या सूर्यफूल, मोहरी, मक्याच्या बियाण्यावर अनेकदा कीटकनाशकाची प्रक्रिया असते. ते झाडाच्या अंगात भिनून परागापर्यंत जातं, आणि ज्यांच्यासाठी पट्टा केला तेच कीटक मरतात.

तपासणी: प्रत्येक प्रकारचं ५० बी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मोहरी तीन-चार दिवसांत दिसेल, धण्याला दहा-बारा दिवस द्या. निम्म्याहून कमी उगवलं तर ते बी बदला. किराणातले जुने धणे इथेच उघडे पडतात.

५. पेरणीची तारीख मागून मोजा

बागेचा फुलोरा कधी ते धरा आणि तिथून मागे या. मोहरी साधारण ४०-४५ दिवसांत फुलावर येते, चवळी आणि तीळ त्याच सुमाराला, कोथिंबीर ५०-६० दिवसांत, शेपू दोन महिन्यांत, बडीशेप तीन महिने किंवा त्याहून जास्त घेते. कारळा दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो, त्यामुळे जूनमध्ये पेरला तरी फुलं सप्टेंबरच्या आसपासच येतात.

आंबे बहारासाठी पट्टा जानेवारीच्या अखेरीस फुललेला हवा. बडीशेप ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, धणे, शेपू आणि मोहरी नोव्हेंबरच्या अखेरीस. हस्त बहारासाठी (सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा) चवळी, तीळ, सब्जा ऑगस्टच्या सुरुवातीला आणि कारळा जुलैत. मृग बहार (जून-जुलैचा फुलोरा) सगळ्यात अडचणीचा, कारण फुलोऱ्याआधी पाऊसच नसतो. तिथे एप्रिलच्या अखेरीस पाण्यावर चवळी, सब्जा आणि ताग पेरावा लागतो. त्या वर्षी तण संपवण्याचं काम मार्चमध्येच उरका. पाणी नसेल तर शेवगा, तरवड, तुळशीवरच समाधान माना. अर्धवट पाण्यावर पेरलेला पट्टा जूनपर्यंत करपून जातो.

सगळं बी एकाच दिवशी पेरू नका. अर्धं ठरल्या दिवशी, उरलेलं वीस दिवसांनी. फुलांचा हंगाम त्यामुळे लांबतो, आणि एखादी पेरणी पावसात वाहून गेली तर दुसरी हाताशी असते.

६. पेरणी

धणे पाट्यावर हलके रगडून दोन फाकी करा, अख्ख्या धण्याची उगवण उशिरा आणि विरळ होते. तरवड, टाकळा, उन्हाळी यांच्या बियांचं कवच टणक असतं. ते बी सँडपेपरवर घासा, किंवा उकळून दोन मिनिटं निवू दिलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा.

जाड बी आधी, बारीक नंतर. धणे आणि चवळी दोन-तीन सेंटिमीटर खोल, ओळीत पेरा. मग तीळ, सब्जा, शेपू, मोहरीसारखं बारीक बी गुंठ्याला दोन-तीन किलो कोरड्या वाळूत चांगलं मिसळा. मिश्रणाचे दोन समान भाग करा. एक भाग पट्ट्याच्या लांबीने चालत फेका, दुसरा आडवा. वाळूमुळे कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते दिसतं. बारीक बी मातीआड करायचं नसतं. त्यावर फळी ठेवून दाबा किंवा पायाने तुडवा, एवढंच. वर माती ओढली की ते उगवतच नाही, आणि शेपू, सब्जा न येण्याचं नेहमीचं कारण हेच असतं.

लगेच झारीने किंवा बारीक फवाऱ्याने पाणी द्या. पाट सोडला तर बी एका टोकाला गोळा होतं. कोरडं ठेवलं तर मुंग्या एका रात्रीत तीळ आणि सब्जा वाहून नेतात. पहिले दहा दिवस वरची माती वाळू देऊ नका.

७. पहिले दीड महिने

पट्ट्याशेजारी एका जुन्या ट्रेमध्ये प्रत्येक जातीचं थोडं बी वेगळं पेरून नाव लिहून ठेवा. खुरपणारी माणसं रोपं ओळखत नाहीत, आणि बडीशेपेचं कोवळं रोप गवत समजून सर्रास उपटलं जातं. ट्रे दाखवून मगच खुरपणीला लावा. पहिली खुरपणी १५-२० दिवसांनी, दुसरी ३५ दिवसांच्या सुमाराला, दोन्ही हाताने.

तपासणी: एक फूट लांब-रुंद चौकोनात आपली सहा ते दहा रोपं हवीत. चारपेक्षा कमी असतील तर राखून ठेवलेलं बी तिथे टाका. पंधराच्या वर गेली तर विरळणी करा, काढलेली कोथिंबीर स्वयंपाकघरात न्या.

८. फुलं आल्यावर काय बघायचं

आठवड्यातून एकदा सकाळी, ऊन चढण्याआधी, एक पांढरा कागद घ्या आणि पट्ट्यातली दहा फुलं त्यावर झटका. पडलेले फुलकिडे मोजा. मग बागेतल्या कळ्या-फुलांवर तेच करा. पट्ट्यात फुलकिडे असणं आपोआप वाईट नाही, त्यांच्यावर जगणारे कीटकही तिथेच येतात. पण पट्ट्यातल्या एखाद्या जातीवर फुलकिडे आठवड्यागणिक वाढत असतील आणि बागेतही वाढ दिसत असेल, तर तेवढीच जात कापून बागेबाहेर न्या. झेंडूवर हे जास्त घडतं, लाल कोळीही त्याच्यावरच बसतो. म्हणून झेंडू कडेलाच ठेवावा.

मित्रकीटक ओळखता आले नाहीत तर सगळं व्यर्थ आहे. केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकाला एकेकटं पांढरट-हिरवं अंडं उभं दिसलं तर ते क्रायसोपाचं. मावा फुगून तपकिरी, कडक झाला असेल आणि त्याला गोल भोक असेल तर परोपजीवी गांधीलमाशी काम करून गेली आहे.

सीताफळ आणि पेरूच्या बागेत एक गल्लत फार नुकसान करते. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते, आणि लोक तिला मोठा पिठ्या समजून चिरडतात किंवा तिच्यावर फवारतात. काडीने हलकं डिवचून पाहा. क्रिप्टोलेमसची अळी लगबगीने पळते, तिची मेणाची टोकं लांब असतात आणि वाढलेली अळी सेंटिमीटरभर किंवा जास्त भरते. पिठ्या जागचा फारसा हलत नाही. त्याच झाडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. मुंग्या गोड चिकट द्रवासाठी पिठ्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. खोडाला चिकट पट्टी लावा, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या पट्टी टाळून त्याच वाटेने वर जातात.

पिवळे चिकट सापळे पट्ट्यापासून निदान दहा मीटर लांब ठेवा, त्यांना मित्रकीटकही चिकटतात.

९. फवारणीची शिस्त

पट्टा फुललेला असताना बागेत सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड फवारायचं असेल तर पट्टा लावायची गरजच नव्हती. फवारणी टाळता येत नसेल तेव्हा संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर करा, वारा पट्ट्याकडे वाहत असेल तर थांबा, आणि ब्लोअरचे पट्ट्याच्या बाजूचे नोझल बंद ठेवा. शेजाऱ्याच्या फवारणीचं वेळापत्रक विचारून घ्या. सेंद्रिय किंवा जैविक म्हणवणारं सगळंच निर्धोक नसतं. स्पिनोसॅड ओलं असेपर्यंत मधमाश्यांना घातक आहे, आणि गंधकही काही परोपजीवी कीटकांना सोसत नाही.

न दिसणारा धोका आळवणीचा, म्हणजे औषध पाण्यातून मुळांशी देण्याचा. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम यांसारखं आंतरप्रवाही औषध ठिबकमधून किंवा बुडाशी दिलं की ते पट्ट्याच्या मुळांनाही मिळतं आणि मधात उतरतं. वरून एक थेंबही न फवारता पट्टा विषारी होतो. आळवणी करावीच लागली तर जवळच्या पट्ट्याची फुलं आधी कापा.

मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या असतील तर आधी शिकून घ्या. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सातेरी (पेटीत पाळता येणाऱ्या देशी) मधमाश्यांची पेटी पट्ट्याच्या टोकाला, सावलीत, पाण्याजवळ ठेवा.

१०. कापणी आणि पुढचं वर्ष

पट्टा एकदम कापू नका. तसं केलं की सगळे कीटक एका दिवसात बेघर होतात. अर्धा कापा, फुटवा येऊ द्या, पंधरा-वीस दिवसांनी दुसरा अर्धा. विळा जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर चालवा. कापलेलं दोन दिवस जागेवरच पडू द्या म्हणजे त्यातले ढालकिडे आणि अळ्या बाहेर पडतात, मग ते उचलून बागेत आच्छादनाला वापरा. आच्छादनात पिकलेलं मोहरीचं किंवा कारळ्याचं बी गेलं तर ते बागभर उगवेल, म्हणून बी भरण्याच्या आतच कापा. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी दोन-तीन मीटरचा तुकडा राखून ठेवा. पोकळ वाळलेल्या काड्यांचा एक कोपरा मेपर्यंत तसाच सोडा, त्यांत एकट्या राहणाऱ्या लहान मधमाश्या घर करतात.

पहिल्याच वर्षी फवारण्या थांबवू नका. आठव्या टप्प्यातली मोजणी चालू ठेवा आणि आकडे वहीत लिहा. नुकसानीची पातळी गाठली नसेल तेव्हाची एकेक फवारणी वगळत जा. दुसऱ्या वर्षी पट्टा नव्याने नांगरायचा नाही. वरवर खरवडून, मोकळ्या राहिलेल्या जागी तेवढंच बी टाकायचं, आणि ज्या जातीने गेल्या वर्षी फक्त फुलकिडे पोसले ती पुन्हा पेरायची नाही.